पाच लाखांत इटालियन, तीही खानदेशात

हाताशी पाच लाख रुपये असले की जुन्या बाजारात इटालियन मोटरसायकल मिळते. मोबाईलवर तासभर बोट फिरवलं तर पुण्याची लाल डुकाटी मॉन्स्टर, सुरतची पिवळी डुकाटी स्क्रॅम्बलर, इंदूरची एखादी बेनेली, सगळं समोर येतं. गाडी घेण्याचे पैसे वेगळे आणि ती चालती ठेवण्याचे वेगळे, एवढं मात्र कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. पाच लाख असतील तर गाडी पावणेचारपर्यंतची बघावी. उरलेला सव्वा लाख पहिल्याच वर्षी गाडी मागून घेते: टायर, बेल्ट, चेन, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च. ज्याने अख्खे पाच लाख मालकाच्या हातात ठेवले त्याची गाडी सहा महिन्यांत ताडपत्रीखाली जाते आणि पुढे कधीतरी पुन्हा जाहिरातीत उगवते: 'कमी चाललेली, सिंगल ओनर, अर्जंट सेल'. जुन्या बाजारातल्या बऱ्याच गाड्यांचा इतिहास एवढाच असतो.

पुण्या-मुंबईतला माणूस आधी मॉडेल ठरवतो. खानदेशात त्याआधी ऊन आणि अंतर मोजावं लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. डांबरी रस्त्याजवळ, जिथे इंजिन असतं तिथे, तो आणखी वर असतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत डुकाटीचं अधिकृत वर्कशॉप नाही. जळगावहून पुणे किंवा मुंबई चारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पंख्याचा फ्यूज उडाला तर पुण्यात एक दुपार वाया जाते. इथे छोटा हत्ती ठरवा, गाडी बांधा, पाठवा, आणायला जा, असा आठवडा मोडतो. म्हणून इथल्या माणसाने गाडी किती पळते याआधी ती आपल्या गावच्या मेकॅनिकच्या हाताला किती लागते, हे विचारावं.

या दोन्ही कसोट्यांवर एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारी, डुकाटी टिकते. मॉन्स्टर ७९५ भारतात २०१२ मध्ये आली, थायलंडमधल्या कारखान्यात जोडलेली, आणि तेव्हा सहा लाखांच्या आत होती म्हणून बऱ्यापैकी खपली. ८०३ सीसी, दोन सिलिंडर, प्रत्येकी दोनच व्हॉल्व्ह. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होसपाईप नाहीत. समोर एक ऑइल कूलर, बस. याच घराण्यातली ८०३ सीसी मोटर पुढे २०१५ च्या स्क्रॅम्बलरमध्ये आणि २०१७ च्या मॉन्स्टर ७९७ मध्ये आली. ७९५ साधारण साडेतीन ते साडेचार लाखांत फिरत असते, ७९७ आणि स्क्रॅम्बलर त्याच्यावर. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, रायडिंग मोड नाहीत. काहींना हा कमीपणा वाटतो. चाळीसगावला बंद पडलेल्या गाडीत बिघडण्यासारखे सेन्सर जितके कमी तितकं बरं, असं माझं मत.

आता डेस्मोबद्दल, कारण डुकाटी घेणाऱ्याला हा एक शब्द सगळे ऐकवतात आणि खर्च नेमका कशाचा ते कोणी सांगत नाही. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह कॅमने उघडतो आणि स्प्रिंगने मिटतो. डुकाटीचे अभियंते फाबिओ तालिओनी यांनी १९५६ मध्ये रेसच्या १२५ सीसी गाडीत मिटवण्याचं कामही रॉकरकडे, म्हणजे कॅमने हलणाऱ्या छोट्या दांडीकडे, दिलं. हाच तो डेस्मो. रस्त्यावरच्या गाडीत ते १९६८ मध्ये आलं. म्हणजे दर व्हॉल्व्हला दोन रॉकर आणि तपासायची दोन अंतरं, उघडण्याचं आणि मिटण्याचं. ७९५ मध्ये चार व्हॉल्व्ह, म्हणून आठ मापं. मॉन्स्टर ८२१ किंवा पॅनिगाले ९५९ मध्ये आठ व्हॉल्व्ह, म्हणून सोळा. माप चुकलं की तिथली शिम, म्हणजे धातूची छोटी चकती, काढून योग्य जाडीची बसवायची. पैसे शिमचे फारसे नसतात, वेळेचे असतात. एअर-कूल्ड गाडीला हे काम दर १२,००० किलोमीटरला, ८२१ ला ३०,००० ला, ८९९ आणि ९५९ ला २४,००० ला. आकडे वाचून ८२१ स्वस्त पडेल असं वाटतं. पण तिचं एकेक बिल मोठं, आणि ते नेमकं कोणाच्या गळ्यात पडणार याचाच जुन्या बाजारात खेळ चाललेला असतो. २८,००० चाललेली ८२१ विकायला निघाली की मालकाला अचानक 'अपग्रेड' का करायचंय, ते ओळखता येतं.

बेल्ट हा दुसरा मुद्दा, आणि खानदेशात तो पहिला. या गाड्यांत कॅम फिरवायला चेन नसून दोन रबरी दातेरी पट्टे असतात. (पॅनिगाले ८९९ आणि ९५९ मध्ये चेन आहे, तेवढा त्यांचा सुटकेचा मुद्दा.) पट्टा तुटला की कॅम थांबतो, पिस्टन थांबत नाही, उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो आणि इंजिनचं हेड उतरवावं लागतं. बदलायची मुदत किलोमीटरवर असते तशी काळावरही असते: पाच वर्षं झाली की गाडी चालो न चालो, पट्टे नवे. पत्र्याच्या शेडमध्ये चार उन्हाळे काढलेल्या गाडीसाठी पाच वर्षांची वाटही बघू नये. तपासणी सोपी आहे. इंजिनच्या उजव्या बाजूला पट्ट्यांवर प्लॅस्टिकची झाकणं असतात, ॲलन कीने सुटतात. झाकण काढा, टॉर्च मारा. दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा, कडेचे सुटलेले धागे, पाठीवर आरशासारखी चकाकी किंवा तेलाचा ओलावा, यातलं एक जरी दिसलं तरी पट्टे गेले समजायचं. पट्टे ठणठणीत दिसले तरी बिल मागा. 'शोरूमला बदललेत, बिल सापडत नाही' याचा हिशेबातला अर्थ 'बदललेले नाहीत' असाच धरायचा आणि पट्टे, व्हॉल्व्ह, ऑइल मिळून पस्तीस-चाळीस हजार किमतीतून वजा मागायचे. त्यात भांडण नसतं, फक्त बेरीज असते.

इथेच कमी चाललेल्या गाडीचा मोह आवरायला हवा. दहा वर्षांत सहा हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहाशे. अशी गाडी बंद ठेवलेल्या घरासारखी असते. वापर नसला तरी पडझड चालूच राहते. टाकीत जुनं पेट्रोल, इंजेक्टरवर लाखेसारखा थर, फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांचे, सील कडक, ब्रेकचं तेल काळं, टायर लाकूड. आठ वर्षांत पंचवीस हजार चाललेली आणि दर वर्षी बिल असलेली मॉन्स्टर समोर असेल तर तीच घ्यावी. इंजिन चालण्याने फारसं मरत नाही, उभं राहण्याने मरतं.

पेट्रोलवरून टाकी आठवली. ६९६, ७९५, ७९६ या पिढीच्या मॉन्स्टरची टाकी प्लॅस्टिकची आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे प्लॅस्टिक फुगतं, ही परदेशातली जुनी तक्रार. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉल आल्यावर तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. फुगलेली टाकी ओळखायची कशी? हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवा आणि टाकीचं नाक कशाला घासतं का पाहा. मग टाकी उचलून परत बसवायला सांगा. बोल्ट भोकात सरळ जात नसेल, ढकलून ओढून बसवावा लागत असेल, तर टाकी वाढली आहे. दोन बाजूंच्या रंगीत पॅनेलमधली फट असमान असेल तर तीही खूण. आणि गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नये. इतर गाड्यांना लागू असलेला सल्ला इथे उलटा पडतो.

बघायला जाताना मालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा: गाडी सुरू करायची नाही. गेल्यावर आधी हात इंजिनवर. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दोन तास थांबा, नाहीतर परत या. गरम गाडी लबाड असते. थंड गाडीत इग्निशन द्या, पेट्रोलचा पंप दोन सेकंद कुरकुरून थांबू द्या, मग बटण दाबा. मोठे दोन सिलिंडर फिरवायला स्टार्टर जरा कण्हतो, ते चालतं. पण 'खडाक' असा आवाज येऊन फिरणं सुटलं तर स्टार्टरचा वन-वे क्लच, म्हणजे स्प्रॅग, घसरतोय. कमजोर बॅटरीवर वर्षभर रेटून सुरू केलेल्या गाडीचं हे फळ. सुरू झाल्यावर वरून टिकटिक येणारच, डेस्मो गप्प बसत नाही. खालून येणारा जड ठोका मात्र वेगळा. आरपीएमबरोबर तो वाढत असेल तर हेल्मेट उचलून निघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर लिक्विड-कूल्ड गाडीत पाणी मिसळतंय.

पाचशे रुपयांचा मल्टिमीटर खिशात हवाच. इटालियन गाड्यांचं ठरलेलं दुखणं रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग आवरणारा भाग, आणि उष्णता ही त्याची वैरीण. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. गाडी सुरू करून ४,००० आरपीएमवर धरा: १३.८ ते १४.५ हवेत. १३ च्या आसपासच रेंगाळले तर चार्जिंग नाही, १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बॅटरी उकळतोय आणि पाठोपाठ मीटर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, यांचा नंबर. मग स्टेटरकडून, म्हणजे वीज बनवणाऱ्या गुंडाळीकडून, येणाऱ्या तीन वायरींचा कनेक्टर उघडून पाहा. एखादी पिन तपकिरी, प्लॅस्टिक वितळलेलं, किंवा कोणीतरी कनेक्टर कापून वायरी टेपने गुंडाळलेल्या, असं सापडतं. टेपवाली गाडी बघून घाबरायचं कारण नाही, पण तो दोष आधी एकदा आला होता आणि मालक तो सांगत नाहीये, ही माहिती मोलाची आहे.

पडलेली गाडी शोधायला फार कौशल्य लागत नाही. क्लच-ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलच्या कडा, फूटपेगची टोकं पाहा. तिन्ही नवीकोरी आणि बाकी गाडी जुनी, तर का ते विचारा. हँडल दोन्हीकडे टोकाला नेऊन फ्रेमवरचे स्टॉपर बघा. वाकलेला किंवा चेपलेला स्टॉपर म्हणजे समोरून जोरदार धडक. मॉन्स्टरच्या जाळीदार फ्रेमवर हँडलच्या मुळाजवळच्या वेल्डिंगपाशी रंगाला केसाएवढी चीर असेल तर सौदा संपला. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागली तर बेअरिंग बदलायचं. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेलाचं वलय आलं तर सील. काळ्या मातीची धूळ सीलच्या ओठात बसते आणि नळी ओरखडते, त्यामुळे आपल्याकडे सील लवकर जातात. नळीवर नख अडकेल असा ओरखडा असेल तर नवा सील टिकणार नाही. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियर लावून तिच्याशी ताडून पाहा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांचा टायर बदलायचाच. १८० च्या मागच्या टायरसह जोडी तीस हजारांच्या आसपास जाते. आणि गाडीखाली मोबाईल धरून एक फोटो काढा. आपल्या गावांतले पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक गाडीच्या पोटावर सही करून ठेवतात.

डुकाटीच्या स्पोर्ट्स गाडीबद्दल, पॅनिगालेबद्दल, थोडक्यात. ८९९ बजेटच्या जरा वर आणि कधी कधी मोहात पाडण्याइतकी खाली सापडते. घेऊ नये. मागच्या सिलिंडरची ऊब थेट मांडीखाली येते. जळगावच्या फुले मार्केटजवळच्या गर्दीत मे महिन्यात ती गाडी चालवणं ही शिक्षा आहे. तिला वेगळी फ्रेमच नाही, इंजिनच्या हवेच्या पेटीचं, एअरबॉक्सचं, काम करणारा ॲल्युमिनियमचा ओतीव सांगाडा थेट इंजिनला बोल्टने जोडलेला असतो. तो तडकला तर वेल्डिंग करून भागत नाही. इटलीचीच एमव्ही ऑगस्टा त्याहून देखणी आणि सुट्या भागांच्या बाबतीत त्याहून अवघड. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे आणि धीर आहे, त्याचा तो शौक.

मर्यादित पैशात स्पोर्ट्स गाडीच हवी, वाकून बसायचंच आहे, तर उत्तर बारामतीत आहे. एप्रिलियाची आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये ४.१० लाख एक्स-शोरूमला बाजारात आली, बनते एप्रिलियाची मालक कंपनी पियाजिओच्या बारामतीच्या कारखान्यात. दोन सिलिंडर, ४७.६ बीएचपी, पेट्रोलसह १७५ किलो. साधे स्प्रिंगवाले व्हॉल्व्ह, मागे १५० चा टायर, त्यामुळे चालवण्याचा खर्च डुकाटीच्या निम्म्याच्याही खाली. आता वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या निघतात. त्या बघताना इंजिनपेक्षा फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच, आणि कागद जास्त बघा: वॉरंटी किती उरली, ती नव्या मालकाकडे येते का, सर्व्हिस वेळेवर झाली का. पंखा चालू होईपर्यंत गाडी उभी ठेवून सुरू ठेवा आणि पंखा लागल्यावर तापमान खाली येतं का पाहा. जवळच्या पियाजिओ डीलरला आधी फोन करून विचारा की ४५७ चं काम तिथे होतं का. स्कूटर विकणारा प्रत्येक जण ती उघडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या गाड्यांचा जीएसटी सेससह ३१ वरून ४० टक्क्यांवर गेला. जुनी विकणारा हे सांगून भाव चढवणार. त्याने ती जुन्या करात घेतली होती, हे हसून लक्षात आणून द्यावं.

बेनेलीचं नाव १९११ पासून इटलीतल्या पेझारोचं, मालकी २००५ पासून चीनच्या छ्यानच्यांगची. टीएनटी ३०० दीड-दोन लाखांत मिळते, चार सिलिंडरची ६००आय तिच्या आवाजासाठी तरुण पोरं घेतात. भारतातला वितरक २०१८ मध्ये बदलला, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांची सर्व्हिस नोंद तुटक सापडते. ६००आय घेण्याआधी क्लच प्लेट, फोर्क सील आणि मीटर हे तीन भाग किती दिवसांत मिळतील ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर.

आता कागद. सुरत आणि इंदूर आपल्याला पुण्याहून जवळ, म्हणून जीजे आणि एमपी पासिंगच्या गाड्यांचा मोह होतो. परराज्यातली गाडी आपल्या जिल्ह्यांच्या एमएच १८, १९ किंवा ३९ वर आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे नव्याने रोड टॅक्स. २९९ सीसीवर महाराष्ट्रात मूळ दर १२ टक्के, परदेशातून तयार आलेल्या गाडीला २० टक्के. वय बघून तो कमी होतो, पण गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली हा आनंद तिथेच विरतो. जुन्या राज्याचा परतावा मूळ मालकाच्या नावावर असतो आणि तो मिळवायला चपला झिजतात. राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. चासी आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. आयात केलेल्या जुन्या गाडीला कस्टम्सची बिल ऑफ एंट्री नसेल तर ती कितीही सुंदर असो, हात लावू नये. डुकाटीसोबत दोन्ही चाव्या आणि कोड कार्ड हवं. इमोबिलायझरची चावी हरवली की कोपऱ्यावरच्या चावीवाल्याचं काम नसतं. विमा आपल्या नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात, आणि विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस आपल्याकडे येत नाही.

घरी आणताना चालवत आणू नका. अनोळखी बेल्ट आणि जुने टायर घेऊन लळिंगचा घाट उतरायची हौस नंतर भागवता येते. पिकअपमध्ये पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवा, बांधायचे चार पट्टे लावा, पुढचे दोन खालच्या ट्रिपल क्लॅम्पला, म्हणजे फोर्क धरणाऱ्या खालच्या पट्टीला, हँडलला नाही. फोर्क अर्धा दबेपर्यंतच ओढा, साइड स्टँड वर. गाडी उतरवल्याबरोबर गल्ली जमेल आणि कोणीतरी विचारेलच, "भाऊ, एव्हरेज कितलं देस?" अठरा-वीस सांगा आणि लोकांच्या चेहऱ्याकडे बघू नका.

पहिल्या आठवड्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक आणि क्लचचं तेल बदलायचं. ऑइल एअर-कूल्ड डुकाटीला १५डब्ल्यू-५०. आपल्या उन्हात त्याहून पातळ घालू नका. हायड्रॉलिक क्लच असेल तर त्याचं तेल दर वर्षी, कारण काळं पडलं की स्लेव्ह सिलिंडरचा सील खातं. हे सगळं गावातला चांगला मेकॅनिक करू शकतो, टॉर्क रेंच मात्र आपला द्यावा. ॲल्युमिनियमच्या आट्या अंदाजाने आवळल्या की मरतात. व्हॉल्व्ह आणि पट्टे पुण्याला किंवा मुंबईला, वेळ घेऊन, जूनआधी. आणि घरात एका खोक्यात एवढं ठेवा: एक रेग्युलेटर-रेक्टिफायर, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, पुढच्या ब्रेक पॅडची जोडी, दोन ऑइल फिल्टर, फ्यूजचा संच. रेग्युलेटर मागवून यायला आठवडा लागतो, आणि तो जातो नेमका मे महिन्यात.